देणगीचं कारण

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात निधी संकलनाच्या कामाला कुणी नवीन रुजू झालं, की मी त्यांना आधी जुन्या पावत्यांच्या स्थळप्रती वाचायला बसवते. बहुतेकांना वाटत असतं, पहिल्या दिवसापासून लोकांकडे पैसे मागायला जायचं. ते पुढे येतंच. पण देणारा माणूस कळतो तो या स्थळप्रतींतून. दरवर्षी ठरावीक तिथीला येणारी रक्कम कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ असते. बंद पडलेल्या गिरणीतले एखादे निवृत्त कामगार पेन्शन जमा झाली की शंभर-दोनशे रुपये आणून देतात. मधली दोन वर्षं एखाद्या नावाची पावतीच नसते. अशा घरी फोन करायचा तो ख्यालीखुशाली विचारायला. देणगीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही.

पावतीवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. घाईत तिथे ‘सर्वसाधारण’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. माझ्या मते या नोकरीतली सगळ्यात मोठी जबाबदारी त्या रकान्यात आहे. मुलींच्या वह्यांसाठी दिलेले पैसे गच्चीच्या दुरुस्तीला वापरायचे नसतात. आणि देणाऱ्याच्या तोंडून ते कारण ऐकलेला माणूस अख्ख्या संस्थेत एकच असतो, पावती लिहिणारा. विश्वस्तांनी ऐकलेलं नसतं, हिशेबनिसांनी ऐकलेलं नसतं. म्हणून दाता म्हणाला त्याच शब्दांत लिहा आणि त्याच दिवशी हिशेबनिसांच्या कानावर घाला. वर्षाअखेरीस वह्या वाटल्या गेल्या, की त्याच दात्याला तसं कळवा.

नावाचंही तसंच. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. एखादं तेलुगू आडनाव पॅन कार्डावर एका तऱ्हेने असतं, दुकानाच्या पाटीवर दुसऱ्या. नोंद पॅनप्रमाणे करावी, आभाराच्या पत्रात मात्र तो माणूस स्वतः लिहितो तसं लिहावं. देणगीवरच्या करसवलतीसाठी 80जी मान्यता असलेल्या संस्थांना 2021-22 पासून वर्षभराच्या देणग्यांचं विवरण 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावं लागतं. त्यावरूनच दात्याला प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे पॅनचा एक आकडा चुकला तरी त्याची सवलत अडकते. रोख 2,000 रुपयांच्या वर गेली तर करसवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगायचं. ‘माझं नाव कुठे छापू नका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. छापू नये, पण नोंदवहीत नाव-पत्ता घ्यावाच लागतो, हे त्यांना नीट समजावून सांगावं.

या वाटेवरून आधी गेलेल्यांत मला पार्वतीबाई आठवले फार मोठ्या वाटतात. देवरुखच्या, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. तरुणपणीच वैधव्य आलं, शिक्षण उशिरा सुरू झालं. तरी त्यांनी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवली. पुढे 1918 साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. विधवेने चारचौघांत उभं राहून बोलणंही न खपणारा तो काळ. त्यांचं ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र माझ्याकडे आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी वाचायला देते. मागणं म्हणजे लाचारी, असं ज्यांना आतून वाटत असतं, त्यांच्याशी मग मला फारसं बोलावं लागत नाही.

या कामात सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जमवलेल्या देणगीवर टक्केवारी देऊ म्हणणाऱ्या संस्थेत जाऊ नका. तिथे दात्याच्या मनातलं कारण ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. महिन्याचा ठरलेला पगार मागा. आणि रुजू होण्याआधी मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद दाखवा, असं स्वच्छ सांगा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते.