शाखा : इतर

मराठी विभागासाठी लिही असं मॅडम म्हणाल्या तेव्हा घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, वर्गात मराठी बोललं की दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा लेख पप्पांना वाचून दाखवायचाय, म्हणून मराठीतच.

पप्पा एस.टी.त कंडक्टर. दर रविवारी फोनवर ठरलेला प्रश्न, “सरकारी जागा निघाल्या का गं?” मी ए.आय. अँड डेटा सायन्सला. सरकारलाही आता ए.आय.वाले लागणार, हे त्यांनी पेपरात वाचलंय. खोटं नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडिया ए.आय. मिशनला दहा हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली.

पण आमच्या विंगमधल्या ताईचं काय झालं, ते मी पप्पांना सांगितलेलं नाही. ताई माझ्याच ब्रँचची. एका सरकारी कार्यालयात प्रोग्रामरची जागा होती. रात्र-रात्र जागून लेखी पास झाली, सगळ्या विंगला पेढे वाटले. कागदपत्रं तपासायला गेली तर साहेबांनी यादीवर बोट ठेवलं : कॉम्प्युटर, आय.टी., इलेक्ट्रॉनिक्स. “तुमची ब्रँच यात नाही.” ताईने मार्कशीटवरचे विषय दाखवले. साहेब म्हणाले, “मॅडम, मला त्यातलं कळत नाही. नाव जुळत नाही, एवढं कळतं.” ताई दोन दिवस मेसला आली नाही.

साहेबांचा मला राग नाही. त्यांच्या हातात यादीच होती. पण त्या टेबलावर ते काम येणारा एक तरी माणूस हवा होता की नाही?

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने आरोग्यविम्याची वेबसाइट सुरू केली आणि पहिल्या दिवशी जेमतेम ६ जणांची नोंदणी झाली! मग २०१४ मध्ये सरकारातच तंत्रज्ञांचा खास गट बनला, यू.एस. डिजिटल सर्व्हिस. तिथल्या भरतीतही रेझ्युमेतले शब्द जुळवायचे, आणि उमेदवार स्वतःच स्वतःला ‘एक्सपर्ट’ म्हणून टिक करायचे. २०१९ मध्ये या गटाने काही खात्यांत प्रयोग केला : अर्ज बघायचे आणि मुलाखत घ्यायची ती त्याच कामातल्या जाणकारांनी. डिसेंबर २०२४ मध्ये कायदाही आला, की नुसत्या स्वतःच्या टिकवर निवड करायची नाही.

आपल्याकडे कुणी म्हणेल, मुलाखत आली की वशिला आला. भीती खरी आहे. त्यासाठीच केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. मग मुलाखत नको. लेखीनंतर कॉम्प्युटरसमोर बसवा, त्या खात्यातलाच एक खरा प्रश्न द्या, आणि नाव झाकून जाणकाराकडून कोड तपासून घ्या. आणि जाहिरातीत ब्रँचचं नाव देण्याऐवजी कोणते विषय शिकलेले हवेत ते लिहा. २०२४ पासून गेटला डेटा सायन्स आणि ए.आय.चा वेगळा पेपर आहे. म्हणजे परीक्षेला आम्ही ओळखीचे झालो, यादीला अजून नाही.

ताई आता पुण्यात एका कंपनीत आहे. पगार बरा आहे. तरी सरकारी जाहिरात निघाली की मला फॉरवर्ड करते, खाली लिहिते, “यादी आधी वाच.”

या रविवारी पप्पांना सगळं सांगणार आहे. फॉर्मही भरणार आहे. फक्त शाखेच्या रकान्यात काय लिहू, तेवढं कुणी सांगाल का?