बर्फावरची शिकवणी

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेस, एका विस्तीर्ण तळ्याकाठच्या धर्मग्रामात मी तीन हिवाळे काढले. तळे गोठले की तोच गावाचा हमरस्ता. रविवारी मिस्साच्या वेळी चर्चच्या दारात पंधरा-वीस स्नोमोबिल उभ्या असत. मोटारसायकलसारखी बैठक, पुढे दोन घसरपट्ट्या, मागे बर्फ कापत फिरणारा रबरी पट्टा, असे हे वाहन.

या वाहनाच्या इतिहासात एका बापाचे दुःख आहे. क्वेबेकमधील जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए हे बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करीत असतानाच, 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. बर्फामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. पुढे 1959 साली त्यांनी एकट्यादुकट्याने चालविण्याजोगी हलकी गाडी सिद्ध केली, तेव्हा पहिल्यांपैकी एक उत्तर ऑन्टारिओतील आपले मिशनरी मित्र फादर मोरिस उइमे यांना दिली.

ज्या गाडीने मुले वाचावीत तिच्यावरच आज मुले जखमी होतात, मरतातही. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की, सोळा वर्षांखालील मुलाने ती चालवू नये आणि सहा वर्षांखालील मुलाला मागेही बसवू नये. मौजेखातर गाडी उडविणाऱ्यांच्या बाबतीत मला हे शब्दशः मान्य आहे. परंतु जिथे दुकान तळ्यापलीकडे आहे, तिथे मूल गाडीला हात लावणारच. मग ते शिकून लावील की न शिकता, एवढेच आईबापांच्या हाती उरते.

माझ्या शेजारचे आजोबा नातवंडांना शिकवीत. पहिले कित्येक दिवस इंजिन सुरूच होत नसे. हाती पहार देऊन ते मुलांना बर्फ फोडून मोजायला लावीत. माणसाला दहा सेंटिमीटर स्वच्छ, निळसर बर्फ पुरतो. गाडीला तेरा ते अठरा लागतो. आजोबांना वीतभर तरी हवा असे! दुधी बर्फाचे बळ निम्मेच, म्हणून तो दुप्पट जाड हवा. नदी तळ्याला मिळते तिथे प्रवाह बर्फाला खालून खातो. वर हिम साचले की ते गोधडीसारखे पांघरूण होते आणि बर्फ जाड होत नाही. त्यानंतर दोरी: तिचे एक टोक गाडीला, दुसरे अंगरख्याला. स्वार पडला की इंजिन आपोआप बंद. रात्री दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग.

मॅनिटोबातीलच प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांचे सूत्र मुले पाढ्यासारखी म्हणत: एक, दहा, एक. गारठलेल्या पाण्यात पडल्यावर श्वास आवरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, शुद्ध हरपायला सुमारे एक तास. ज्या बाजूने आलो तिकडेच वळायचे, कारण त्या बर्फाने आपल्याला पेलले होते. गळ्यातले टोचे रोवायचे, पाय झाडायचे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जायचे. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर कोळ्यांची पोरे वल्ह्याआधी भरती-ओहोटी शिकतात, त्याची मला आठवण होई.

एका डिसेंबरात चौदा वर्षांची थोरली नात आणि तिचा चुलतभाऊ दोन गाड्यांवरून, मध्ये अंतर राखून, दुकानाकडे निघाली. अर्ध्या तासात रिकाम्या हाताने परतली. नदीच्या मुखापाशी तिला हिमावर करडा, ओलसर डाग दिसला होता. आजोबांनी सामानाची चौकशी केली नाही. ‘नेमके कुठे?’ एवढेच विचारले, मग पहार आणि स्प्रूसच्या फांद्या घेऊन ते तिच्यामागून गेले आणि लांबूनच त्या जागेभोवती खुणा रोवून आले. त्या रात्री आम्ही सर्वांनी बिनसाखरेचा चहा घेतला.