राखीव शिपाई

मुलांनो, 'राखीव' हा शब्द तुम्ही रोज कुठे ना कुठे वाचता. एस.टी.च्या बसमध्ये काही आसनांपाशी तो लिहिलेला असतो. सातपुड्याकडे गेलात, तर जंगलाच्या पाटीवर दिसतो. उर्दूत आपण त्याला 'महफूज' म्हणतो. २००७ साली हाच शब्द माझ्या नावापुढे लागला. तोपर्यंत मी लष्करातला शिपाई होतो. त्या दिवसापासून राखीव शिपाई झालो. या शब्दाचा अर्थ मला एकदम कळला नाही. तो कळायला दोन वर्षे लागली. तो तुम्हांला सांगावा, म्हणून हे लिहीत आहे.

माझे गाव जळगाव जिल्ह्यात, एरंडोल तालुक्यात आहे. घरात उर्दू, गल्लीत अहिराणी आणि शाळेबाहेरच्या बाजारात मराठी, असे बोलत मी वाढलो. अब्बा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. आम्ही पाच भावंडे. दहावी झाल्यावर, १९९० साली, मी लष्करात भरती झालो. पुण्याजवळ खडकीला 'बॉम्बे सॅपर्स' या पलटणीचे केंद्र आहे. तिथे माझे प्रशिक्षण झाले. तिथे गेल्यावर गंमत वाटली. हवालदार, सुभेदार, शिपाई, फौज, हुकूम हे सारे शब्द मला घरचेच होते. तुम्हांलाही ते उर्दूतून ओळखीचे आहेतच.

सॅपर म्हणजे लष्करातला कारागीर सैनिक. फौजेला नदी ओलांडायची असेल, तर सॅपर पूल बांधतो. रस्ता नसेल, तर तयार करतो. पिण्याचे पाणी शुद्ध करून देतो. शत्रूची वाट अडवण्यासाठी सुरुंग पेरतो आणि वेळ आली की तेच सुरुंग काढतो. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये मोठा भूकंप झाला. त्या वेळी भूजकडे ढिगारे उपसण्याचे कामही मी केले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सीमेवर गेल्या. आम्ही राजस्थानच्या वाळूत सुरुंग पेरले. पुढच्या वर्षाच्या शेवटी फौजा मागे घेण्याचे ठरले. मग पेरलेले सुरुंग काढायचे होते. पेरताना भराभर काम झाले होते. काढताना मात्र गुडघ्यांवर बसून, हातातल्या सळईने जमीन चाचपत, एकेक वीत पुढे जावे लागे. वाऱ्याने वाळू सरकलेली असे. पेरायला लागला त्याहून कितीतरी अधिक काळ काढायला लागला. आमचे सुभेदार साहेब म्हणत, "बेटा, जाने से लौटना मुश्किल काम है." ते सुरुंगांबद्दल बोलत होते. पण पुढे मला ते वाक्य दुसऱ्याच कारणाने अनेकदा आठवले.

सतरा वर्षांची नोकरी पूर्ण झाली, तेव्हा मी लान्स नाईक होतो. वय होते छत्तीस. तुमच्या शाळेतले गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. शिपायाची निवृत्ती मात्र अशी ऐन उमेदीत येते. कारण फौजेला तरुण पाय लागतात. शेवटचे काही दिवस खडकीला गेले. भांडारात एकेक वस्तू मोजून परत केली. ओळखपत्र जमा केले. हिशेबाच्या कागदांवर सह्या केल्या. निरोपाचा 'बडा खाना' झाला. मग हातात एक पुस्तिका मिळाली. तिच्यात माझी सतरा वर्षे काही पानांत मावली होती. पुढची दोन वर्षे मी राखीव राहणार होतो. म्हणजे पगार नाही, गणवेश नाही. पण देशाला गरज पडली, तर बोलावणे येईल आणि त्या क्षणी निघावे लागेल.

अशी व्यवस्था का करतात, ते समजून घ्या. चांगला शिपाई तयार करायला वेळ लागतो. लढाई मात्र तयारीसाठी थांबत नाही. सगळ्या शिकलेल्या माणसांना कायम पगारावर ठेवणे कोणत्याही देशाला परवडत नाही. म्हणून काहींना घरी पाठवायचे, पण त्यांची नावे यादीत ठेवायची. आपल्या देशात यासाठी १८८८ सालापासून कायदा आहे. एके काळी तर सात वर्षे पलटणीत आणि आठ वर्षे राखीव, अशा करारावर शिपाई घेत. सिंगापूरमध्ये तरुणांना सुमारे दोन वर्षे सैनिकी सेवा करावी लागते आणि त्यानंतर बरीच वर्षे ते राखीव राहतात. दुकानदार, अभियंता, शिक्षक असे सारे अधूनमधून सरावाला जातात. आपल्याकडे याच्या जवळची दुसरी व्यवस्था म्हणजे प्रादेशिक सेना. तिचा कायदा १९४८ चा आणि तिची सुरुवात १९४९ ची. आपला नोकरीधंदा सांभाळून लोक तिच्यात सैनिकी काम करतात. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांना २०११ साली याच सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हे पद मिळाले.

ही कल्पना आपल्या मुलखालाही नवी नाही. शिवकाळात पावसाळा आला की फौज छावणीला परत येई आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघे. मराठ्यांच्या फौजांत स्वतःचा घोडा घेऊन येणारे शिलेदार असत. मोहीम नसताना त्यांच्यातले कितीतरी जण घरची शेती पाहत. तलवार खुंटीला असली, तरी तिला गंज चढू देत नसत.

मी महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावला उतरलो. पहिले पंधरा दिवस पाहुण्यासारखे गेले. अम्मी रोज काहीतरी गोड करी. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. मी पहाटे साडेचारला जागा होई, दाढी करी, बूट चकचकीत करी आणि ओट्यावर येऊन बसे. हुकूम देणारा कोणी नव्हता. वाट पाहणारेही कोणी नव्हते. शेजारचे आबा जाता-येता विचारत, "आते काय करशी रे भाऊ?" आता काय करणार, हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत होतो. निवृत्तिवेतन थोडे होते. तीन मुलांचे शिक्षण आणि अम्मीचे औषधपाणी त्यात भागत नव्हते. जळगावला एका ठिकाणी नोकरी मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले, "तुम्हांला काय येते?" मी म्हणालो, "पूल बांधता येतो." ते हसले. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी उठून दारात येई. बोलावणे आले तर बरे, असे मनात येई. लढाई व्हावी असे मला मुळीच वाटत नव्हते. कोणाला तरी माझी गरज असावी, एवढेच वाटत होते.

त्या पावसाळ्यात गावाजवळच्या नाल्यावरची फरशी वाहून गेली. नाल्यापलीकडे दोन वस्त्या होत्या. तिथली चाळीसेक मुले रोज आमच्या गावच्या शाळेत येत. फरशी दुरुस्त व्हायला महिने लागणार होते. मुले चपला हातात घेऊन, एकमेकांना धरून पाण्यातून येऊ लागली. एका सकाळी मी ते पाहिले आणि सरपंचांकडे गेलो. त्यांना म्हणालो, "भाऊ, मला चार माणसे आणि दोर द्या. बाकी मी पाहतो."

आबांनी बांधावरची निंबाची दोन पडलेली झाडे दिली. जिनिंगमधून जाड दोर मिळाला. दोन्ही काठांवर चर खणून आम्ही जाड ओंडके आडवे पुरले आणि त्यांना दोर बांधला. दोर जितका जोराने ओढावा, तितकी माती ओंडक्याला घट्ट धरते. खडकीला शिकलेली ही पहिली युक्ती. त्यावर फळ्या ठोकल्या आणि दोन्ही बाजूंना हाताने धरायला दोर ताणले. तीन दिवसांत पायपूल उभा राहिला. नंतर मी काठावरच्या एका दगडावर लाल रंगाची रेघ ओढली आणि सगळ्यांना सांगितले, "पाणी या रेघेला लागले, की पूल बंद."

पूल बांधणे सोपे होते. ती रेघ पाळणे कठीण होते. भाद्रपदात एका सकाळी पाणी रेघेच्या चार बोटे वर होते. पूल दिसत होता, फळ्या कोरड्या होत्या. पलीकडे मुले उभी होती. त्यांची चाचणी परीक्षा होती. एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन पुढे आला. तो रागावून म्हणाला, "तू आता फौजेत नाहीस. आम्हांला अडवणारा तू कोण?" त्याचे म्हणणे खरे होते. माझ्या अंगावर गणवेश नव्हता, खिशात ओळखपत्र नव्हते, पाठीशी कोणाचा हुकूम नव्हता. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "दादा, परीक्षा पुन्हा होईल." बराच वेळ कोणी हलले नाही. मग मुले परत फिरली. तासाभरात वरच्या पावसाचे पाणी आले आणि पायपुलावरून वाहू लागले. एक फळी सुटून गेली, पण ओंडके हलले नाहीत. शाळेच्या गुरुजींनी त्या मुलांची परीक्षा दोन दिवसांनी घेतली.

मुलांनो, त्या दिवशी मला राखीव शब्दाचा अर्थ कळला. आपल्याकडे शेतकरी ज्वारीचे बी राखून ठेवतो. चांगली कणसे निवडतो, दाणे उन्हात वाळवतो, कीड लागू नये म्हणून निंबाचा पाला घालतो. राखलेले बी पुढे पेरायचे असते, म्हणूनच त्याला इतके जपावे लागते. नुसतेच कोपऱ्यात टाकले, तर त्याचा भुसा होतो. माणसाच्या अंगच्या विद्येचेही तसेच आहे. पलटणीत दुसरे लोक आपल्याला जपतात. पहाटे उठवतात, धाववतात, हिशेब घेतात. राखीव माणसाला हे सारे स्वतःच करावे लागते. हुकूम देणारा तोच आणि पाळणाराही तोच.

पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवले. काही महिन्यांनी धुळ्याला एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. अम्मीला आणि मुलांना घेऊन मी धुळ्याला आलो. २००९ साली माझी दोन वर्षे संपली. बोलावणे आले नाही. यादीतून माझे नाव निघाले. त्या दिवशी वाईट वाटेल असे वाटले होते. पण मी नेहमीसारखा साडेचारला उठलो आणि कामाला लागलो.

आता पहाटे पांझरेच्या काठाजवळच्या मैदानावर मी भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडून सराव करून घेतो. मराठी शाळेतली मुले असतात, उर्दू शाळेतलीही असतात. सोळाशे मीटर धावताना सगळ्यांना दम सारखाच लागतो. २०२२ सालापासून शिपायांची भरती 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी होते. चार वर्षांनंतर त्यांतले काहीच जण फौजेत कायम राहतील, अशी ती योजना आहे. मी छत्तिसाव्या वर्षी परतलो. ही मुले बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परततील. म्हणून मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, "जायची तयारी करता, तशी परत यायचीही करा. तिथे जे शिकाल, ते नीट शिका. गाठ मारायला शिकलात, तर ती गावातही उपयोगी पडेल."

तुमच्यापैकी सगळेच फौजेत जाणार नाहीत. पण तुमच्या मोहल्ल्यातही राखीव माणसे आहेत. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले चाचा असतील, दवाखान्यात परिचारिका असलेल्या खाला असतील, जुने गुरुजी असतील. ओट्यावर बसलेली ही माणसे रिकामी आहेत असे समजू नका. त्यांच्याजवळ जा, सलाम करा आणि विचारा, "तुम्हांला काय येते? आम्हांला शिकवाल का?" या प्रश्नाची ती किती दिवस वाट पाहत आहेत, ते तुम्हांला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसेल.