रात्री दहाचं ताट

"मॅडम, जिममधून घरी यायला दहा वाजतात. मग जेवू की तसाच झोपू?"

ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या पट्ट्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकू येतो. कारण उघड आहे. सहाला ऑफिस सुटतं, गर्दीच्या लोकलने घर गाठेपर्यंत पावणेआठ होतात, साडेआठला जिम, दहाला घर. सकाळी पावणेसहाला उठून पुन्हा तीच लोकल. 'पहाटे व्यायाम करा, सूर्यास्ताआधी जेवा' हा सल्ला कितीही चांगला असला तरी या माणसाच्या वेळापत्रकात तो बसत नाही.

सल्ले मात्र त्याला भरपूर मिळालेले असतात. ट्रेनर म्हणतो, अर्ध्या तासात प्रोटीन गेलं नाही तर व्यायाम वाया. आई म्हणते, एवढ्या रात्री जेवलास तर पचणार कधी? ऑफिसातला एक मित्र दिवसातून दोनदाच जेवायला सांगतो, दुसरा दर दोन तासांनी खायला. कुणीतरी भात बंद करायला लावलेलं असतं. शेवटी तो एक सफरचंद खाऊन अंथरुणावर पडतो, मध्यरात्री भुकेने जागा होतो आणि चिवड्याचा डबा काढून ओट्याशी उभ्यानेच खातो.

माझं मत आधीच सांगून टाकते: जेवायचं. चरबी कमी करायची असली तरी व्यायामानंतर उपाशी झोपायचं कारण नाही. मात्र त्या ताटात काय नि किती असावं, हे रात्री दहाला ठरवू गेलात तर उशीर झालेला असतो. ते संध्याकाळी सहालाच ठरलेलं असतं.

आधी हिशेब पाहू. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. सत्तर किलोच्या माणसाने पाऊण तास वजनं उचलली तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात, आणि स्टेशनबाहेरचा एक वडापाव त्या सगळ्या भरून काढतो. म्हणजे चरबी घटते ती मुख्यतः खाण्यातल्या तुटीमुळे, आणि ती तूट दिवसाची नव्हे, आठवड्यांची असावी लागते. मग वजनं कशाला उचलायची? कारण खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. स्नायूंना काम दिलं आणि पुरेसं प्रथिन दिलं, तर ते टिकतात आणि तूट चरबीतून भागते.

आपल्याला तर याची गरज जास्तच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यातल्या अनेकांची ठेवण आहे. अशा माणसाने नुसतं वजन उतरवलं आणि त्यात स्नायूच गेले, तर काटा खूश होतो, रक्तातली साखर नाही.

आता उशिरा जेवण्याबद्दल. आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. रात्री शरीराची साखर हाताळायची क्षमता सकाळपेक्षा कमी असते. २०२२ साली बॉस्टनच्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या सोळा जणांना तेच जेवण चार तास उशिरा दिलं, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि ऊर्जेचा खर्च थोडा घटला. पण ही माणसं प्रयोगशाळेत राहत होती, व्यायाम करून ताटावर बसत नव्हती. व्यायामानंतर स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्शुलिनची तेवढी मदत लागत नाही. टीव्हीसमोर बसून दहाला जेवणारा आणि वजनं उचलून आल्यावर दहाला जेवणारा, या दोघांना एकच नियम लावता येत नाही.

भाताचंही तसंच. इस्रायलमध्ये ७८ लठ्ठ पोलिसांवर सहा महिने एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच, पण एका गटाचे पिष्टमय पदार्थ बहुतेक रात्रीच्या जेवणात ठेवले होते. त्या गटाचं वजन वाढलं तर नाहीच, उलट दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरलं. तेव्हा वाटीभर भाताला घाबरू नका. भातावरची तुपाची धार, सोबतचा पापड आणि नंतरचा श्रीखंडाचा चमचा यांच्याकडे लक्ष असू द्या.

ट्रेनरच्या अर्ध्या तासाचं काय? वजनं उचलल्यानंतर स्नायूंची बांधणी निदान दिवसभर वाढलेल्या वेगाने चालू असते. त्यामुळे दिवसाचं एकूण प्रथिन पुरेसं असेल तर जिमच्या दारातच शेक हलवत बसायची गरज नाही. मात्र उपाशी झोपणाऱ्याचा मामला वेगळा. त्याने दुपारी एकला डब्यातली पोळी-भाजी खाल्लेली असते. तीन पोळ्या आणि भाजी मिळून प्रथिन जेमतेम १२ ग्रॅम. संध्याकाळी वडापाव, रात्री सफरचंद, सकाळी आठला पोहे. ज्या वेळी स्नायूंना बांधकामाचा माल हवा, नेमका त्याच वेळी पुरवठा बंद. याउलट नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की संध्याकाळच्या व्यायामानंतर झोपण्यापूर्वी घेतलेलं दुधातलं प्रथिन रात्रभर पचतं, शोषलं जातं आणि स्नायूंच्या कामी येतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. वजनं उचलत चरबी उतरवणाऱ्याला मी १.२ ते १.६ ग्रॅम सांगते. सत्तर किलोला ८४ ते ११२ ग्रॅम. एवढं एका रात्रीच्या ताटात कोंबता येत नाही, म्हणून मी सहाच्या खाण्यावर अडून बसते.

ऑफिस सोडण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि एक केळं खा. नाहीतर दुसऱ्या छोट्या डब्यात मटकीची उसळ न्या. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली. मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रथिन असतं आणि कॅलरी शंभराच्या थोड्या वर. याने जिममध्ये गरगरत नाही, स्टेशनबाहेरच्या कढईसमोरून पुढे जाता येतं आणि रात्री दहाला ताटावर तुटून पडायची वेळ येत नाही. काही जण घरी आल्यावर अर्धं जेवण आठला आणि अर्धं जिमनंतर घेतात, तेही छान जमतं.

मग रात्रीचं ताट हलकं होऊ शकतं. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट मुगाचं वरण, चमचाभर तेलातली दोन अंड्यांची भुर्जी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. कॅलरी पाचशेच्या आसपास, प्रथिन पंचवीस ग्रॅमच्या थोडं वर. मासे खाणाऱ्यांनी भुर्जीऐवजी रश्शातला बांगडा घ्यावा, तळलेला नको. शाकाहाऱ्यांनी थोडं पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या. खिचडी करायची तर डाळ तांदळाएवढी घाला, आणि सोबत वाटीभर दही. शेंगदाण्याचं कूट मात्र प्रथिन म्हणून ओतू नका. शंभर ग्रॅम दाण्यांत प्रथिन पंचवीस ग्रॅम असतं खरं, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवानही मेहनतीनंतर उपाशी झोपत नाही, पण त्याच्या थंडाई-बदामाची नक्कल दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने करू नये.

प्रोटीन पावडरबद्दल राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'टाळा' असंच म्हटलं आहे, आणि घरचं जेवण मिळत असेल तर माझंही तेच म्हणणं. पण एकट्या राहणाऱ्या, दहाला कुलूप उघडून आत येणाऱ्या माणसाने बिर्याणी मागवण्यापेक्षा दुधात एक चमचा पावडर घेतलेली मला चालते.

राहिली झोप, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. शिकागोत झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच माणसांना आहार तोच कमी कॅलरींचा ठेवून दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची वेळ दिली. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरलं, पण कमी झोपेत चरबीची घट निम्म्याहूनही कमी झाली. बाकीचं गेलं ते बहुतांशी स्नायूंसारखं चरबीविरहित वजन. म्हणून मी जिम सहा दिवसांऐवजी तीन-चार दिवस करायला सांगते, तेही चाळीस मिनिटं, म्हणजे साडेनऊपर्यंत ताटावर बसता येतं. दमछाक करणारा व्यायाम आणि झोप यांत तासाभराहून अधिक अंतर हवंच. आठ वाजता घेतलेली कॅफिनची 'प्री-वर्कआउट' पावडर तर बंदच करा. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं सुमारे पाच तासांनी, म्हणजे रात्री एकलाही रक्तात असतं.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी रात्रीच्या व्यायामानंतर जेवण चुकवणं धोक्याचं आहे. झोपेत साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. आंबट ढेकरांचा त्रास असलेल्यांनी जेवणाचा मोठा भाग आठलाच उरकावा.

दिवाळीचा फराळ संपला की बरेच जण जिमची वर्षाची वर्गणी भरतात. तुम्हीही भरणार असाल तर जरूर भरा. पण त्याआधी ऑफिसच्या बॅगेत संध्याकाळच्या खाण्याचा एक जास्तीचा डबा ठेवायची सवय लावून घ्या. वर्गणीपेक्षा तो डबाच तुमच्या पोटाच्या घेरावर जास्त परिणाम करील.