नोंद तशीच राहू द्या, नमुना बदला

समर्थ रामदासांविषयीच्या पुस्तकांची सूची संगणकावर तपासताना माझे एक मत पक्के होत गेले. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधण्याचा नमुना, नोंद पाहून घडवावा. नमुन्याच्या सोयीसाठी नोंदीला हात लावू नये. नुसते रामदासांच्या ग्रंथाचे नाव ‘दासबोध’ शोधले तर त्यावरच्या टीकाग्रंथांची सगळी रांगही हाती येते. फक्त मूळ ग्रंथ हवा असेल तर ^(श्री(मत्|मद्)?)? *दासबोध$ असे लिहावे लागते. मग ‘श्रीदासबोध’, ‘श्रीमत् दासबोध’, ‘श्रीमद्दासबोध’ ही तिन्ही रूपे सापडतात. खरी अडचण पुढे आहे. पायथनच्या नेहमीच्या ‘रे’ मॉड्यूलमधले शब्दातले अक्षर ओळखणारे चिन्ह काना, मात्रा, अनुस्वार यांना अक्षरात धरत नाही. त्याच्या हिशेबी ‘रामदास’ म्हणजे ‘र’, ‘मद’, ‘स’ असे तीन तुकडे. म्हणून मराठीसाठी [ऀ-ॿ] असा देवनागरीचा पट्टाच द्यावा. अंकांचेही तेच: पायथन देवनागरी अंक ओळखते, जावास्क्रिप्ट ओळखत नाही, तिथे [०-९] स्वतः लिहावे लागते. आणि चार अंक सापडले म्हणजे इसवी सन सापडला असेही नाही. शके १८२७ हे १९०५-०६ साल आहे, त्यामुळे ‘शके’ हा शब्द नमुन्यात हवाच.

यावर कोणी म्हणेल, आधी सगळ्या नोंदी आजच्या शुद्धलेखनात आणाव्यात, मग नमुने सोपे होतील. होतील, पण पुरावा जाईल. १९६२च्या नियमांआधीची पुस्तके ‘रामदासांचें’ असे छापत. तो अनुस्वार मुखपृष्ठावरचा आहे, आणि आवृत्त्या वेगळ्या ओळखायला तो उपयोगी पडतो. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा, त्या काळातल्या शीर्षकांना आजचे लेखन चढवणे मला गैर वाटते. युनिकोडमध्ये अनुस्वार स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे रामदासांचें? एवढे लिहिले की दोन्ही रूपे मिळतात. प्रमाण रूप हवेच असेल तर ते वेगळ्या रकान्यात ठेवावे.

सगळेच काम नमुन्यांवर सोपवता येत नाही, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. बिबटेक या संदर्भसूचीच्या स्वरूपातल्या फाइलीत महिरपी कंसांत महिरपी कंस येतात, आणि ते कितीही खोल गेले तरी जुळवणे साध्या नमुन्याला जमत नाही. तिथे रकाने पार्सरने, म्हणजे फाइलीची रचना वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, सुटे करावेत आणि नमुना रकान्याच्या आत चालवावा. महाविद्यालयांत शोधनिबंधांच्या सूची करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: ‘सगळे बदला’ हे बटण दाबण्याआधी मूळ फाइलीची प्रत बाजूला काढून ठेवा.