मोटारीचे अंतरंग

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर मोटारींची जी रांग लागते, ती आमच्या नित्य परिचयाची आहे. बाहेरून पाहावे तो प्रत्येक गाडी आरशासारखी लखलखीत. परंतु दार उघडले म्हणजे आत बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीची सालपटे, वाळून कडक झालेली संत्र्याची साल, आणि क्वचित दाराच्या कप्प्यात खर्र्याची पन्नी. (ही शेवटची वस्तू विद्यार्थ्यांची नसते, हे सांगावयास नकोच.) याचे कारण उघड आहे. आमच्या वस्तीत पहाटे बादली व फडके घेऊन येणारा मनुष्य गाड्या बाहेरून पुसून जातो. किल्ली त्याच्या हाती कोणीच देत नाही. बाहेरचे काम त्याचे ठरले, आतले मात्र कोणाचेच ठरले नाही.

आमच्या घरी हा प्रश्न निराळ्या कारणाने उभा राहिला. आमच्या वडिलांस दम्याची व्यथा आहे व दर पंधरवड्यास त्यांना सदरहून धंतोलीस डॉक्टरांकडे न्यावे लागते. काही वर्षांपूर्वी एकदा भाड्याच्या मोटारीतून जात असता, सीताबर्डीजवळ त्यांचा श्वास असा कोंडला की गाडी थांबवून चारही दारे उघडावी लागली. गाडी दिसावयास सुरेख होती. पण आसनांच्या गादीवर नुसती थाप मारली तरी धूळ उठत होती, आणि ती झाकण्यासाठी उग्र सुगंधाची कुपी टांगली होती. दम्याच्या रोग्यास ही दोन्ही सारखीच शत्रू. पुढे आम्ही एक जुनी लहान गाडी घेतली, आणि तिचे अंतरंग आपल्याच हातांनी राखावयाचे ठरविले.

नागपुरात हे काम सोपे नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची सुकून भुकटी होते. शहरात पूल आणि सिमेंटचे रस्ते यांचे काम कोठे ना कोठे चाललेलेच असते. आणि उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर वीज निर्माण करणारी मोठी केंद्रे आहेत. या सर्वांची धूळ मिळून गाडीत शिरते. शिवाय आमचा उन्हाळा! २०१३ सालच्या मे महिन्यात येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील हवा अर्ध्या तासातच बाहेरच्या हवेहून सुमारे वीस अंशांनी अधिक तापू शकते. मग काचा लावून वातानुकूलन चालू करणे भाग पडते, आणि आतली धूळ तेथल्या तेथे फिरत राहते. पुष्कळ गाड्यांत सामानाच्या पुढील कप्प्यामागे हवा गाळणारी एक कागदी जाळी असते. तिला फिल्टर म्हणतात. ती वेळेवर न बदलता गार हवा खाणे म्हणजे गाळणे न धुता त्यातून चहा गाळीत राहणे होय. आतलीच हवा फिरविण्याची कळ दाबून चारपाच माणसे दूरवर गेली, तर उच्छ्‌वासातील वायू साचून चालकास गुंगी येऊ लागते. तेव्हा अधूनमधून बाहेरची हवा आत घेतलीच पाहिजे.

धूळ काढण्याच्या रीतीविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांस आवडेल. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने धूळ साफ करण्याचे एक यंत्र पाहिले. ते हवा फुंकून धूळ उडवीत असे, आणि उडालेली धूळ पुन्हा खाली बसे. बूथच्या मनात आले, फुंकण्याऐवजी शोषून का घेऊ नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला व त्याला तोंड लावून श्वास आत ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूस धूळ लागलेली दिसली. त्याचे पहिले यंत्र इतके अवजड होते की ते घोडे जोडून रस्त्याने न्यावे लागे, आणि नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. आज तेच काम हातात मावणारा व्हॅक्युम क्लीनर करतो. कोरड्या फडक्याने गाडी झटकणारे आमचे कित्येक स्नेही अद्याप बूथच्या आधीच्या काळात वावरत आहेत, असे म्हटल्यास ते रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आमचा क्रम असा: प्रथम चटया बाहेर काढून झटकावयाच्या, मग वरून खाली यावयाचे, कारण वरची धूळ खालीच पडणार. वातानुकूलनाच्या फटींत रंगाचा मऊ ब्रश उत्तम चालतो. पाणी मात्र बेताने. गालिच्याखालचा जाड थर भिजला की लवकर वाळत नाही, आणि श्रावणात तर त्यास कुबट वास येऊन बुरशी धरते. ती दम्यास धुळीइतकीच वाईट. पुढील काचेच्या आतल्या बाजूस एक धूसर लेप चढतो, तो केवळ धुळीचा नसतो. उन्हाने तापलेल्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर थिजते, आणि रात्री समोरचे दिवे त्यावर पसरून रस्ता दिसेनासा होतो. ओल्या फडक्याने पुसून नंतर जुन्या वर्तमानपत्राने घासल्यास तो निघतो. आणि पाण्याच्या बाटल्या! आसनाखाली टाकलेली बाटली घरंगळत ब्रेकच्या पट्टीखाली गेली तर काय होईल, याची कल्पना मुलांनी करावी. ही एक वस्तू तरी घरी पोहोचताच त्यांनी स्वतः उचलून न्यावी.

आता शनिवारी सायंकाळी कडुलिंबाच्या सावलीत हे काम चालते. फटी साफ करण्याचा ब्रश वडिलांनी स्वतःकडे घेतला आहे. चटया झटकण्याच्या वेळी आम्ही त्यांना घरात पाठवून दार लावून घेतो. तेव्हा ते खिडकीच्या काचेआडून, मागचे आसन राहिले, अशी खूण करीत असतात.