लामत्याच्या वाटेवर

जून महिन्याच्या मध्यास गोंदियाहून बालाघाटमार्गे लामत्यास जाण्याचा योग आम्हांस आला. पूर्वी या वाटेने सातपुडा रेल्वेची अडीच फुटी रुळांवरील लहानगी गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत. ऊन मात्र पूर्वीचेच. मृग लागून आठवडा लोटला होता, आकाशात ढगही येऊन जात होते; परंतु थेंब नव्हता.

लामत्यास शाळा नुकतीच उघडली होती. एका वर्गाच्या दाराशी आम्ही क्षणभर थांबलो. नव्या वह्यांवर डोकी टेकून तीन-चार मुले पेंगत होती. त्यांतील एकास आम्ही जवळ बोलाविले. घरात रात्री उकाड्याने झोप लागत नाही, असे तो खाली मान घालून म्हणाला. मे महिन्यात तो पहाटेच उठून आईबरोबर तेंदूची पाने तोडावयास जात असे. दुपारी घरी बसून 50 पानांची एकेक जुडी बांधावयाची, अशी त्याची सुट्टी गेली होती.

वाचकहो, मे महिन्यातील ऊन अधिक कडक, तरी जूनमध्ये जीव अधिक का कासावीस होतो? आपल्या घरचा माठ पाहा. माठातून पाझरलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना आतील उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. जूनमध्ये हवा दमट होते, पाझर लवकर वाळत नाही आणि माठातील पाण्याला पूर्वीचा गारवा राहात नाही. आपल्या देहाचेही तसेच आहे. घाम येतो, परंतु वाळत नाही. उष्णता अंगातच कोंडते. मग थकवा येतो, डोके दुखते, लक्ष लागत नाही. त्या मुलाला आळशी म्हणणे म्हणजे माठाला आळशी म्हणण्यासारखे आहे. आम्हीही पूर्वी पेंगणाऱ्या मुलांना वर्गात उभे केले आहे. आज त्याचे वाईट वाटते.

1956 पूर्वी बालाघाट व भंडारा हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. आज मध्ये सीमा आहे. 2025 साली मध्य प्रदेशातील विद्यार्थ्यांची सुट्टी 15 जूनला संपली. विदर्भातील शाळा उन्हामुळे 23 जूनला उघडल्या. ऊन मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखेच होते.

शाळेच्या तारखा आपल्या हाती नाहीत. घरातील व्यवस्था आहे. मुलाला रात्री मोकळ्या, वाऱ्याच्या जागी निजवावे. सकाळी उपाशी पाठवू नये. ताक किंवा मीठ घातलेले कैरीचे पन्हे द्यावे, पाण्याची बाटली भरून द्यावी. मूल घरी येताच अभ्यासाचा तगादा न लावता घटकाभर पडू द्यावे. मूल फार गरम लागले, बरळू लागले किंवा भोवळ येऊन पडले, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

परतताना स्टेशनावर वारा एकाएकी थंड झाला. कोठे तरी दूर पाऊस पडला असावा. तो लामत्यास पोहोचेपर्यंत तेथील मुलांना थोडे सांभाळून घेतले पाहिजे, एवढेच आमच्या मनात आले.